पंधरा ओहमची जोडी

१

जया म्हणते, मला दुसरी बायको आहे आणि ती पुढच्या खोलीत राहते. तिला दोन पिवळे डोळे आहेत आणि दर रविवारी मी तिचं अंग मऊ फडक्यानं पुसतो. चौतीस वर्षांच्या संसारात जयाची पाठ मी एकदाही चोळून दिली नाही, हेही ती त्यातच ऐकवते. ही दुसरी बायको म्हणजे माझा अ‍ॅम्प्लिफायर. जपानी बनावटीचा, चाळीस वर्षांचा, तोंडावर सुयांचे दोन मीटर असलेला. वजन सोळा किलो.

मी भीमरत्न. निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली आणि चार वर्षांपूर्वी सुटलो. बरोबरीचे लोक सकाळी फिरायला जातात, साखर किती आली ते एकमेकांना सांगतात. मी जोड्या जमवतो. अ‍ॅम्प्लिफायर जोर लावतो आणि स्पीकर त्याला अडवतो. हा आडमुठेपणा ओहममध्ये मोजतात. तो फार कमी असला तर अ‍ॅम्प्लिफायर तापून जळतो आणि फार जास्त असला तर आवाज मोकळा होत नाही. आमच्यात लग्नाला पत्रिका बघत नाहीत. माझ्या लेकीचं, उपासनाचं लग्न तसबिरींसमोर पंचवीस मिनिटांत उरकलं. पण या दोघांची पत्रिका मात्र मी डोळ्यांत तेल घालून बघतो. माझ्या जपानीला आजवर सात स्थळं दाखवली होती आणि सातही मोडली होती.

उपासना चिकोडीच्या बँकेत आहे, जावई पुण्यात. म्हणून ती आमच्याकडेच राहते आणि सकाळी नऊला स्कूटरवरून निघाली की तिची सौम्या दिवसभर आमची. सौम्याला दोन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने होते. तिच्याकडे मोजून सहा शब्द होते आणि त्या सहा शब्दांवर ती सगळं घर चालवायची. आबा म्हणजे मी. आज्जी, दूध, माऊ. ‘हे ताय?’ हा सगळ्यात लाडका, कारण त्यानं दुसऱ्याला कामाला लावता येतं. आणि संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की फाटकाकडे धावत, ‘आई’.

अकरा वाजता तिचं दूध झालं की मी तिला मांडीवर घेऊन पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचो आणि अर्धा तास गाणं लावायचो. माझ्या दिवसातला तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, नंतर सांगायला जमणार नाही.

२

संकेश्वरला एका घरी इंग्लंडचे दोन जुने स्पीकर पडून आहेत, हे मला भरमूनं सांगितलं. भरमू आमच्या एक्स्चेंजचा जुना लाईनमन. कुणाच्या घरात काय आहे हे त्याला घरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक. उसाचे ट्रॅक्टर चुकवत चुकवत आम्ही त्याच्या टेम्पोतून गेलो.

घर दोघा म्हाताऱ्यांचं. गंगव्वा ऐंशीच्या घरातली, चपळ, बोलकी. तिचा नवरा आण्णाप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. मी कानडीत विचारपूस केली तर त्यानं हात जोडले आणि हसला. बोलला काही नाही. दात काढून ठेवले असतील, म्हणून लाजत असेल, असं मला वाटलं.

स्पीकर आतल्या खोलीत होते. कमरेएवढे उंच, पुढे तपकिरी कापड, पाठीमागं पितळेची पट्टी आणि त्यावर कोरलेलं, पंधरा ओहम. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी गुडघ्यावर बसून पट्टीवरून बोट फिरवत होतो, तेव्हा गंगव्वा माझ्या डोक्यावर वाकून म्हणाली, “तम्मा, अवु केळ्ताव.”

माझी कानडी एक्स्चेंजमधली. तक्रार घेण्यापुरती पक्की, बाकी कामचलाऊ. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, अवु म्हणजे ते. केळ म्हणजे विचारणं. दिवसभर फोनवर लोक काय केळायचे ते लिहून घेण्यात माझी नोकरी गेली. मला वाटलं, म्हातारी भाव वाढवतेय, बाकीचीही गिऱ्हाइकं विचारतायत असं सुचवतेय. मी म्हटलं, “केळू दे की अव्वा, मी आजच नेतो.” ती आणखी काही सांगणार, तेवढ्यात भरमू टेम्पोतून दोर घेऊन आला आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

स्पीकर चढवताना आण्णाप्पा ओसरीवरून उठला. त्यानं एका स्पीकरच्या कापडावर तळहात ठेवला, तोंड जवळ नेलं आणि ओठ हलवले. मग बाजूला झाला. जुन्या वस्तूवर जीव असतो माणसाचा, मी भरमूला म्हटलं.

घरी जयानं कमरेवर हात ठेवून स्वागत केलं. “काय आणलासा ह्ये? माणसं बसायची कुठं आता?”

“माणसं येत्यात कुठं आपल्याकडं?”

“ह्ये आणल्यावर कशाला येतील?”

३

स्पीकर आणला की पहिलं काम सेल लावून बघायचं. रिमोटमधला साधा सेल. त्याचं अधिक टोक तांबड्या खुंटीला आणि उणं टोक काळ्या खुंटीला टेकवायचं. आतला कागदी पडदा पुढं सरकला तर जोडणी सरळ, मागं गेला तर उलटी. उलटी निघाली की तारांची अदलाबदल करायची. शाळेतल्या पोराला जमेल असं काम आहे.

कापडाची चौकट काढून मी सेल टेकवला. पडदा आत गेला. दुसऱ्या स्पीकरचाही आत गेला. बरं, जुन्या काळी काही जण आतल्या तारेची वेटोळी उलटी घालायचे. मी सेल फिरवला, उणं टोक तांबड्याला.

पडदा पुन्हा आत गेला.

मी सेल बदलला. चष्मा पुसला. पडद्यावर खडूची खूण करून पट्टी धरली. कसाही लावा, पडदा आतच जायचा. असं होत नाही. वीज उलटी केली की ढकलणं उलटं व्हायलाच हवं, यात मताचा प्रश्न नाही. मग मी स्वतःला समजावलं की पडद्याची कडा साठ वर्षांत ताठली असेल, बाहेर यायला अडत असेल, म्हणून आत गेलेला तेवढा दिसतो. हे कारण फार चांगलं नव्हतं. पण मला गाणं ऐकायची घाई होती.

आणि गाणं काय लागलं! दोन स्पीकरवर एकच आवाज सारखा सोडला की तो दोन्हींच्या मधोमध, जिथं काहीच नाही तिथून आल्यासारखा वाटतो. हा कानांचा खेळ आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे त्या जागी कोरी भिंत आहे. गाणारी बाई त्या भिंतीशी येऊन उभी राहिली. तिनं श्वास घेतला तो मला ऐकू आला. सौम्या मांडीवरून वाकून भिंतीकडे बोट दाखवत म्हणाली, “हे ताय?”

आठवं स्थळ जमलं. मी जयाला हाक मारून ओट्यापासून हलवून आणलं, खुर्चीत बसवलं.

“लई झ्याक,” ती म्हणाली, आणि मग जरा वेळानं, “पण घड्याळ बंद पडलं वाटतं.”

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. काटा फिरत होता. फक्त त्याची टिकटिक येत नव्हती. मी कॅसेट थांबवली, तरीही येईना. मी स्पीकरला कान लावला. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची बारीक घूं असतेच, ती असायलाच हवी. तीही नव्हती. मी टाळी वाजवून बघितली. रिकाम्या खोलीत टाळी जरा घुमते. माझी टाळी वाजली आणि तिथंच संपली.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. या शांततेसाठी लोक आयुष्यभर तारा बदलत बसतात.

४

पडद्याचं कोडं मात्र डोक्यातून जाईना. तेव्हा मला एक्स्चेंजमधली एक युक्ती आठवली. स्पीकर उलटा वापरला की तो माईक होतो. जुन्या हापिसांतल्या इंटरकॉमला एकच स्पीकर असायचा, त्यातूनच ऐकायचं आणि त्यातच बोलायचं. पडद्यासमोर बोललं की पडदा हलतो आणि तेवढी वीज तयार होते. पडदा दोन्ही बाजूंना मोकळा हलतो का, हे त्यावरून कळलं असतं. डावा स्पीकर मी अ‍ॅम्प्लिफायरच्या माईकच्या भोकात जोडला आणि सुईकडे बघत बोललो, “हॅलो, हॅलो, निपाणी.”

सुई ढिम्म हलली नाही.

एकतीस वर्षं फोनवर घालवलेल्या माणसाचा अपमानच हा. मी आणखी दोनदा ओरडलो. सौम्या दुधाचा पेला हातात धरून दारात उभी होती. ती दुडूदुडू आली, कापडाला नाक लावलं आणि मला शोधत असल्यासारखी आत बघून म्हणाली, “आबा?”

सुई ताडकन् टोकाला गेली.

पोरगी खूश, मी तिच्याहून खूश. “म्हण, अजून म्हण. आज्जी म्हण.” ती म्हणाली. सुई उडाली. मी वही काढली. रीडिंग लिहून ठेवायची खोड जाता जात नाही. एका ओळीत शब्द, पुढं सुई कुठवर गेली तो आकडा. आबा. आज्जी. दूध. माऊ. हे ताय. शेवटी मी म्हटलं, “आणि संध्याकाळी कोण येतं?” तिनं दोन्ही हात स्पीकरला लावले आणि ओरडली, “आई!”

जयानं आतून विचारलं, “काय चाललंय दोघांचं?”

“परीक्षा चाललीया सौम्याची. सहापैकी सहा.”

जया तिला जेवायला घेऊन गेली. मी वही मिटली. सुई अजून हलत होती. खोलीत कुणी बोलत नव्हतं. सुई थोडी वर जायची, थांबायची, पुन्हा वर जायची, दोन माणसांचं बोलणं चालावं तशी. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची धरधर असेल, मी म्हटलं आणि बटण बंद केलं. तेव्हा रस्त्यावर ट्रॅक्टर नव्हता.

५

तीन दिवसांनी सौम्या माझ्या सदऱ्याचं टोक ओढत उभी राहिली. तिला काहीतरी हवं होतं. तिनं तोंड उघडलं, ओठ मिटले, पुन्हा उघडले. मग जमिनीवर बसून रडायला लागली. रडण्याचा आवाज होता. आबा नव्हता.

“रुसली असंल तुमच्यावर,” जया म्हणाली. “मला आज्जी म्हणती बघा. म्हण गं.”

“आज्जी,” सौम्या म्हणाली, आणि जया माझ्याकडे तोऱ्यात बघून हसली. पुढच्या सोमवारी तो शब्दही गेला. जया त्या दिवशी भाकऱ्या करता करता पदरानं डोळे पुसत होती आणि चुलीचा धूर लागला म्हणत होती. आमच्याकडे गॅस येऊन तीस वर्षं झाली.

उपासनानं रजा काढली आणि आम्ही सौम्याला बेळगावला नेलं. कानाच्या डॉक्टरांनी आवाजबंद पेटीत बसवून तपासलं. कान उत्तम. गळा उत्तम. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ठोकळे दिले, चित्रं दाखवली, मोबाईल किती दाखवता ते विचारलं. काही मुलं आलेले शब्द टाकतात, वाट बघा, खूप बोला तिच्याशी, असं म्हणाल्या. परतीच्या वाटेवर उपासना सौम्याच्या कानाशी लागून एकसारखी बोलत होती, शेत, गाय, पूल, ट्रक, जे दिसेल ते. सौम्या तिच्या ओठांकडे बघत होती. मधेच तिनं “आई” म्हटलं आणि उपासनाला हुंदका आवरेना.

दूध गेलं. ती आता पेला आपटून मागायची. मांजर आलं की नुसतं बोट दाखवायची.

वही माझ्या हाती पडली ती चष्म्याचं घर शोधताना. पहिली ओळ आबा. दुसरी आज्जी. तिसरी दूध. चौथी माऊ. मी ती चार वेळा वाचली. योगायोग म्हणायला मला फार आवडलं असतं. माणसाला रांग दिसली की तो तिला अर्थ लावतो, हे मला कळतं. पण त्यानंतर पाचव्या दिवशी सौम्या चमच्याकडे, झाडूकडे, माझ्या नव्या चपलेकडे बोट करून गप्प उभी राहायला लागली, आणि मग वहीत एकच ओळ उरली.

मी स्पीकरच्या तारा उपसून काढल्या. हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? की मीच तिला पुढ्यात उभं करून एकेक शब्द म्हणायला लावला आणि वर आकडे लिहून घेतले?

६

संकेश्वरला एकटाच गेलो, बसनं. आण्णाप्पानं मला ओळखलं आणि तो उठून आत गेला. गंगव्वा बाहेर आली. मी काही विचारायच्या आधी तिनंच विचारलं, मराठीत, “आमचे हे बोलत्यात का तिकडं?”

“कोण?”

“दुपारी एकला हाक मारत्यात. गंगव्वा, ऊटा आतेन, म्हणून. तुमच्या घरात मारत्यात का?”

म्हणजे जेवलीस का. मी म्हणालो, मी ऐकलं नाही. तिचा चेहरा पडला. मी तिला सौम्याचं सांगितलं. ती दोन्ही हात गालांवर ठेवून ऐकत होती.

“मी सांगितलं होतं की रे तम्मा तुला. अवु केळ्ताव.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कानडीत केळ म्हणजे विचारणं, आणि केळ म्हणजे ऐकणंही. ते ऐकतात, असं म्हातारी सांगत होती. मी आयुष्यभर लोकांचं विचारणं लिहून घेतलं होतं म्हणून मला तेवढाच अर्थ आला.

“शब्द परत कसे येतात?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. “अकरा वर्षं झाली ह्यांची वाचा जाऊन.”

“मग फोडून का टाकले नाहीत?”

“तिथंच आहेत की हे. फोडू कसं?” ती म्हणाली. “मी दिवसभर तिकडंच ‘ओ’ देत बसायची. एकदा हे मोरीत पडले. बादली वाजवत होते म्हणं. मला ऐकूच आलं नाही. मग ह्यांनीच खुणेनं सांगितलं, घालवून टाक.”

स्पीकर परत आणून देतो, मी म्हटलं. आतल्या दारात आण्णाप्पा उभा होता. त्यानं माझ्यापुढं हात जोडले आणि नको नको अशी मान हलवली. पण गंगव्वा मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, “एकला जरा कान देऊन बघ. ऐकलंस तर मला फोन कर.”

७

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. उपासना बँकेत, जया सौम्याला घेऊन शेजारी अक्काताईंच्या घरी. मी शेजारच्या बांधकामावरून घण मागून आणला आणि पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं. पाऊण वाजला होता. हिशेब सरळ होता. पाच शब्द गेले, त्यांचं काय व्हायचं ते होवो. ‘आई’ अजून पोरीच्या तोंडात होती. तेवढी वाचवायची.

घण उचलला आणि थांबलो. फोडलं तर आत जे आहे ते संपेल का? मी एकची वाट बघितली. हेच माझं चुकलं. नुसती खात्री करून घ्यायची होती, असं मी अजून स्वतःला सांगतो.

तारा जमिनीवर सुट्या पडल्या होत्या. एक वाजला.

“गंगव्वा,” कोऱ्या भिंतीशी कुणीतरी म्हणालं. पुरुषाचा, वय झालेला, भरदार आवाज. “ऊटा आतेन?”

मी हललो नाही. आवाज अगदी माणसाच्या उंचीवरून येत होता. उत्तराची वाट बघावी इतका वेळ गेला. मग त्याच्या गुडघ्याच्या उंचीवरून एक बारीक आवाज म्हणाला, “अज्जा, इदेन?”

म्हणजे, हे काय, आजोबा? आमच्या सौम्यानं कानडीचा एक शब्द कधी उच्चारला नव्हता. पण आवाज तिचा होता. बोबडा नव्हता, स्वच्छ, चार वर्षांच्या पोरीचा. म्हातारा काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मग त्यानं तिला काहीतरी शिकवलं आणि ती त्याच्या मागून म्हणत गेली, एकेक शब्द, न चुकता.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याच्या आधी मत्सर वाटला. माझी नात त्या माणसाला अज्जा म्हणत होती.

“सौम्या,” मी म्हटलं.

भिंतीशी ती शिकवणी थांबली. मग त्या बारीक आवाजानं विचारलं, “आबा हाय व्हय तिथं?”

घण माझ्या हातून खाली गेला. मी खुर्चीत बसलो. दीड तास बसलो. जयानं दार वाजवलं तेव्हा मी खूप काही ऐकलं होतं, आणि त्या दीड तासात मी एकदाही आमच्या सौम्याचा चेहरा आठवला नव्हता. फोडायचं उद्या सकाळी, मी ठरवलं.

संध्याकाळी सहाला स्कूटर वाजली. सौम्या फाटकाकडे धावली. उपासना हेल्मेट काढून वाकली आणि हात पसरले. सौम्यानं तोंड उघडलं. ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं ठेवून.

८

शनिवारी बँकेला सुटी होती. सकाळी मी उपासनाला आणि जयाला पुढच्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. वही दाखवली. गंगव्वा काय म्हणाली ते सांगितलं. घण का उचलला आणि का ठेवला, तेही. जया भिंतीला टेकून खाली बसली. उपासना सौम्याला मांडीवर घेऊन खुर्चीत ऐकत होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

“आप्पा, तुमचं डोस्कं फिरलंय,” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, असं हुतंय काही पोरांचं म्हणून. तुमी ह्या खोक्यांच्या नादात...” तिनं वही माझ्यापुढं टाकली. “आणि तुमचं खरं असलं तर फोडा की मग! बसलाय कशाला? फोडा त्ये!”

मी घण उचलला. या वेळी मी थांबणार नव्हतो. घण डोक्याच्या वर गेला होता.

“आई,” भिंतीशी आवाज आला. “आलीस व्हय?”

उपासना उभी राहिली.

“दमलीस?” आवाज म्हणाला. “आई, मी तुला एक गंमत सांगू?”

“सांग,” उपासना म्हणाली. तिला आपण बोललो हे कळलंही नसावं. तिनं सौम्याला मांडीवरून खाली ठेवलं, एखादी पिशवी ठेवावी तसं, न बघता. ती भिंतीकडे गेली आणि दोन्ही हात पसरून डाव्या स्पीकरपुढं आडवी उभी राहिली. “आप्पा, हात लावायचा न्हाय. सांगून ठेवते. हात लावायचा न्हाय.”

“उपासना, ती हितं हाय गं,” जया ओरडली. “पोरगी हितं हाय, खाली बघ!”

आवाज गंमत सांगत होता. अर्धी मराठीत, अर्धी कानडीत. उपासना गुडघ्यांवर बसली, कापडाला गाल लावला, रडत रडत हसायला लागली. मी घण खाली ठेवला. फोडायची ताकद माझ्यात होती. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून माझ्यानं ते झालं नाही, आणि पुढंही होणार नाही, हे मला तिथंच कळलं.

सौम्या उठली. पडत धडपडत भिंतीजवळ गेली, आईच्या ओढणीचं टोक तिनं धरलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं. मग दुसऱ्या हातानं आईच्या पाठीवर थापट्या मारायला लागली.

उपासनानं मागं न बघता तो हात बाजूला सारला.

“थांब की गं जरा,” ती म्हणाली. “सौम्या बोलायलीया.”